सोपं कुठलं, भावजी?

सांगलीत हळदीचा वास बारा महिने येतो. पेठेतून चालत गेलं की तो गोण्यांमधून बाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत सदऱ्याला चिकटून बसतो. पण तो वाळलेल्या, विकायला निघालेल्या हळदीचा वास. माझ्या मनातला वास वेगळा आहे. माघ सरताना रानात हळद शिजवायची काहील चढते, तिच्यावर पाल्याचं नि गोणपाटाचं झाकण पडतं आणि कडेकडेनं वाफ निघायला लागते, तेव्हाचा तो ओला, मातकट, जरासा कडवट वास. वर्षातून एकदा तरी तो नाकात गेल्याशिवाय माझं वर्ष पुरं होत नाही. आणि गेला की घरातली पुढची खोली आठवते, त्या खोलीतला काळा पडदा आठवतो आणि मी वहिनींना बोललेलं एक वाक्य आठवतं. ते वाक्य आठवलं की या वयातही मान खाली जाते.

यंदा वास नाकात जायच्या आधी वहिनींचा फोन आला. त्या माझ्या थोरल्या भावाच्या बायको. कोरेगावपासून चार मैल आत असलेल्या आमच्या गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवतात.

"भावजी, क्लासातल्या जुन्या लॅपटॉपवर नवं विंडोज चढंना झालंय. यंत्र म्हातारं हाय म्हणतंय. मी म्हणलं, म्हातारं तर म्हातारं, लिनक्स टाकू. पर नेटवर बघतीय तर शंभर नावं! सोपं कुठलं हाय त्यात?"

मी सांगलीत पोरांना हेच शिकवतो. घसा साफ करून सुरुवात केली, "त्याचं असं आहे वहिनी, तुम्ही ते कशासाठी वापरणार त्यावर..." आणि मध्येच थांबलो. हाच प्रश्न त्यांनी मला पंचवीसएक वर्षांपूर्वी विचारला होता. याच दिवसांत, याच वासात. तेव्हाही मी असाच घसा साफ केला होता.

नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. मी सांगलीला हॉस्टेलवर राहून इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. दादा फौजेत, तिकडे पार ईशान्येला. घरी आबा, आई आणि वहिनी. वहिनी मिरजेच्या. त्यांच्या माहेरच्या बोळात तंबोरे बनतात. दारोदार भोपळे वाळत पडलेले असायचे आणि तारा जुळवल्याचा आवाज दिवसभर चालायचा. लग्नाआधी दोन वर्षं त्या तिथल्या एका दवाखान्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर केसपेपर टाइप करत होत्या. मग लग्न झालं आणि त्या आमच्या हळदीत आल्या.

हळद खणून झाली की बाया खळ्यावर गोल करून मोडणीला बसतात. माती झाडायची, गड्डा वेगळा करायचा, हळकुंडं वेगळी टाकायची. वहिनी त्यांच्यात बसायच्या. हात थांबला की त्यांची बोटं गुडघ्यावर काहीतरी वाजवत राहायची. मला वाटायचं, पाट्या मोजतात की काय. एकदा विचारलं तर लाजल्या.

"टाइप करतीय, भावजी," त्या म्हणाल्या. "हितं कोण काय बोलतंय ते सगळं बोटानं लिहिती. न्हाईतर बोटं इसरतील. आता इसराय लागल्यातच म्हणा."

हे दादाला मीच पत्रानं कळवलं असावं. त्या दिवाळीत तो सुट्टीवर आला आणि मिरजेच्या एका कचेरीनं काढून टाकलेलं जुनं यंत्र गोधडीत गुंडाळून, शेजाऱ्याच्या जीपमधून घरी घेऊन आला. पुढच्या खोलीत टेबलावर ते बसलं. वहिनींनी त्याच्या पडद्यावरची धूळ पदरानं पुसली आणि मग कितीतरी वेळ पदर तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

ठरलं असं की गावात दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या पोरी आहेत, त्यांना वहिनी टायपिंग शिकवतील. सहा पोरींनी नावं दिली. प्रश्न खोलीचा होता. ती पुढची खोली म्हणजे आमची हळदीची खोली. घरात जमीन कोरडी राहील अशी तेवढीच एक. वाळलेली हळद पॉलिश होऊन आली की दरवर्षी गोण्या तिथं लागायच्या. आबांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"गुढीपाडव्यापतोर बघतो," ते म्हणाले. "पाडव्याला पोरी बसल्या तर खोली सुनंची. न्हाई बसल्या तर माज्या हळदीची. मग पुन्यांदा इषय काढायचा न्हाई."

वहिनींनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक आवरला की त्या यंत्रासमोर बसून पोरींसाठी धडे टाइप करायला लागल्या. सोपे शब्द, मग ओळी, मग अर्ज. संक्रांतीपर्यंत चाळीस धडे झाले. या चाळिसातला एकही धडा मी वाचला नाही. वाचण्याआधीच मी ते मारले.

मारले म्हणजे काय, संक्रांतीला घरी येताना मी हॉस्टेलवरून एका फ्लॉपीत मोटारींच्या शर्यतीचा गेम आणला. वहिनींना गंमत दाखवावी म्हणून यंत्रात घातला. त्या गेमबरोबर व्हायरस आला. दोन मोटारी पळाल्या, तिसरी अर्ध्यात थांबली, आणि यंत्र जे बंद पडलं ते पुन्हा सुरूच होईना. आतलं सगळं पुसलं गेलं. 

"माजं धडं परत येतील का?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई, वहिनी."

  उठून त्यांनी फळीवरची शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर पुन्हा 'धडा पहिला' लिहिलं, पेन्सिलीनं.

यंत्रावर पूर्वी जे विंडोज होतं, त्याच्या फ्लॉप्या कुणाकडे शिल्लक नव्हत्या. साताऱ्यात एका ओळखीच्याकडे सापडल्या, तर त्यातल्या दोन फ्लॉप्यांना बुरशी लागलेली. नवीन विंडोज त्या यंत्राला पेलवणारं नव्हतं. तेव्हा हॉस्टेलवर लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीचं, वारं आलं होतं. मासिकांबरोबर सीड्या यायच्या आणि पोरं त्या एकमेकांना भाकरीसारख्या वाटायची. कुणाच्या कॉपीची चोरी नाही, कुणाला विचारायचं नाही, हवं त्यानं घ्यावं, हवं तसं बदलावं. एकविसाव्या वर्षी माणसाला असं काही सापडलं की तो जमिनीवर राहत नाही. मी तर वहिनींचं यंत्र विसरून जगाचं भलं करायला निघालो होतो.

माझ्या खोलीत आटपाडीचा विलास राहायचा. त्याच्याकडे तीन सीड्या होत्या, तिन्ही लिनक्सच, पण तीन वेगवेगळ्या लोकांनी बांधलेली. विलासनं खाटेवर त्या ओळीनं मांडल्या. पहिली हॉस्टेलमधल्या दोन जाणत्या पोरांची लाडकी. ती चढवायची तर यंत्राचा अंतर्बाह्य अभ्यास हवा. ती प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारणार. दुसरी नवीकोरी, मासिकानं तिच्या रंगीत चित्रांची तोंडभरून स्तुती केलेली. तिसरी साधी, जरा जुनी. निम्म्या हॉस्टेलच्या यंत्रांवर तीच.

"वहिनीला तिसरी दे, गड्या," विलास म्हणाला. "काय हुशारी करू नको."

"तिसरी काय, कुणीबी टाकतंय," मी म्हणालो आणि पहिली उचलली.

यात वहिनी कुठे होत्या? मी आज विचार करतो आणि सापडत नाहीत. मला पहिली सीडी लावून दाखवायची होती, हॉस्टेलवर येऊन सांगायचं होतं की मी लावली. नवशिक्यासाठी काहीतरी निवडायला निघालेल्या माणसाची ही फार जुनी खोड आहे. वर्गात दरवर्षी एखादा असा पोरगा दिसतो, आणि मला त्याच्यावर रागावता येत नाही.

शनिवारी पॅसेंजरनं निघालो. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला, मित्राकडून मागून आणलेला सीडीचा ड्राइव्ह, कारण वहिनींच्या यंत्राला तो नव्हता. किर्लोस्करवाडी गेली, ताकारी गेली, खिडकीतून तोडणी झालेले उसाचे फड आणि मध्ये मध्ये हळदीच्या काहिलींची वाफ. कोरेगावला उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं. घरी पोचल्या पोचल्या, वहिनींना तीन सीड्यांची गोष्ट सांगत, यंत्राचं झाकण उघडून बसलो. वहिनी वही नि पेन्सिल घेऊन शेजारी बसल्या. मी काय करतो ते त्यांना लिहून घ्यायचं होतं. पुन्हा बंद पडलं तर स्वतःला जमावं म्हणून.

सीडीनं विचारायला सुरुवात केली. डिस्कचे भाग किती करायचे? पडद्याचं कार्ड कुठलं? उंदीर, म्हणजे माउस, कुठल्या खुंटीला बांधलाय? मला त्यातलं निम्मं येत नव्हतं. आणि प्रत्येक प्रश्नाला वहिनी हळूच विचारायच्या, "म्हंजे काय, भावजी?" रविवारी दुपारपर्यंत मी तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली होती. तिसऱ्यांदा यंत्र मधेच गोठलं, आणि वहिनींनी विचारलं, "आता म्हंजे काय झालं?"

"वहिनी, हे तुमचं काम न्हवं," मी म्हणालो. "तुमी जरा बाजूला बसा."

झालं. एवढंच वाक्य. वहिनींनी पेन्सिल वहीत घातली, वही मिटली आणि उठून खळ्यावर गेल्या. खिडकीतून मला त्या दिसत होत्या. बायांच्या गोलात बसल्या, हळदीचा गड्डा हातात घेतला आणि मोडायला लागल्या. त्यांची बोटं गुडघ्यावर वाजतायत का, हे मी बघत राहिलो. वाजत नव्हती.

यंत्र अर्थातच चालू झालं नाही. चारच्या सुमारास मीही बाहेर आलो आणि काही सुचेना म्हणून मोडणीच्या गोलाजवळ उकिडवा बसलो. त्या दिवशी आबा बियाण्याचे गड्डे निवडत होते. पुढच्या साली लावायला जाडजूड, डोळे भरलेले जेठे गड्डे बाजूला काढायचे, सावलीत ढीग करून पाल्यानं झाकायचे. शेजारचा एक नवा हळदकरी बियाणं मागायला आला होता. त्यानं आयुष्यात ऊसच केलेला. त्याला कुठूनतरी लांबून एका नामी वाणाचं बी आणायचं होतं. त्याची हळद म्हणे केशरासारखी निघते.

आबांनी त्याला बसवलं. "आण की. पर तुझं पयलंच साल हाय. हिला करपा आला, कंद सडाय लागला, तर इचारशील कुणाला? त्या लांबच्याला? हितं आमी समदी एकच वाण लावतो. तुज्या पानावर ठिपका आला की चौघं बांधावरनं सांगतील, काय कर म्हनून. पयल्या साली शेजाऱ्याकडं जे हाय तेच लाव. मग हात बसला की कर काय नखरे करायचे ते."

तो माणूस मान हलवत उठला. वहिनी हातातला गड्डा मोडता मोडता थांबल्या. माझ्याकडे न बघता, गड्ड्याकडेच बघत म्हणाल्या, "भावजी, त्या तीन सीड्यांत सोपी कुठली म्हंजे तुमच्या हॉस्टेलात जास्त जणांकडं कुठली हाय?"

मी घसा साफ केला. 

"तिसरी," मी म्हणालो.

"मग तीच आणायची व्हती की," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं की मी तीच का आणली नाही. त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाडव्याला तीन आठवडे होते. परीक्षा डोक्यावर आलेली असताना मी हॉस्टेलवर परतलो आणि तिसरी सीडी घेऊन लोकांच्या दारोदार फिरलो. विलास बरोबर यायचा. तुझं कुठं अडलं होतं? मग काय केलंस? जे कळलं ते मी वहीत लिहिलं. मराठीत, 'म्हणजे काय' या प्रश्नाची उत्तरं देत. ते लिहिताना पहिल्यांदा मला वहिनी दिसल्या. पेन्सिल घेऊन शेजारी बसलेल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पॅसेंजर, पुन्हा टॉवेल. घरी आईनं सगळी तयारी केली होती. मागच्या वेळी यंत्र चाललं नाही याचं कारण तिला ठाऊक होतं: पूजा केली नव्हती. दसऱ्याला नांगराची, विळ्याची, कुदळीची पूजा होते, मग या अवजाराची का नको? मी हातपाय धुवायला गेलो, तेवढ्यात तिनं यंत्राला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि टेबलावरची सीडीही पूजली. सीडीच्या एका बाजूला काहीबाही छापलेलं होतं. दुसरी बाजू अशी लखलखीत की आपलं तोंड दिसावं. जिथं तोंड दिसतं ती पुढची बाजू, असं म्हणून आईनं त्या लखलखीत बाजूला बोटभर हळद आणि वर ठसठशीत कुंकू लावलं. वाचायची बाजू नेमकी तीच.

मी आलो आणि मटकन खाली बसलो.

"काय झालं रं?" आई घाबरली. "चुकलं का काय माजं?" तिनं घाईघाईनं पदरानं सीडी पुसली. कुंकवाचा रवाळ कण पदराखाली फिरला आणि सीडीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठला. मी तोंड उघडलं. मागच्या वेळचं वाक्य जिभेवर होतं. ते गिळलं.

"काय न्हाई, आई," मी म्हणालो. "पूजा पाहिजेच."

वहिनींनी सीडी कोमट पाण्यानं धुतली. मऊ मलमलीच्या चिंधीनं, मधून कडेकडे अशी टिपली. मग ती ड्राइव्हमध्ये घालून आम्ही दोघं समोर बसलो. या वेळी माझी वही त्यांच्या मांडीवर होती. त्या वाचायच्या, मी कळ दाबायचो. थोड्या वेळानं मी वाचायला लागलो आणि त्या कळ दाबायला लागल्या. कसं बदललं ते आमच्याही ध्यानात आलं नाही. त्यांच्या बोटांना मोडणीची हळद होती. कितीही धुतली तरी ती आठ दिवस जात नाही. एकेक कळ पिवळी होत चालली.

सीडी निम्म्यापर्यंत छान गेली. मग कुरकुरली. रंगीत चित्रं, खिडक्या, बटणं, उंदीर, हे सगळं ज्या भागात होतं तिथंच कुंकवाचा ओरखडा होता. यंत्र तिथं तीनदा अडखळलं. सांगलीला जाऊन दुसरी सीडी आणण्याइतका वेळ नव्हता. पाडवा उद्यावर. मी पुन्हा सुरुवात केली आणि चित्रांचा भाग वगळला. यंत्र सुरू झालं. काळा पडदा. वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. बाकी काही नाही.

मला रडू फुटायचं बाकी होतं. "वहिनी, एवढंच निघालं," मी म्हणालो. "चित्रं न्हाईत. सोपं न्हाई हे. काळंच हाय नुसतं."

वहिनी पुढे झुकल्या. आणि हसल्या. लग्नानंतरच्या चार वर्षांत मी त्यांचं असं हसू पाहिलं नव्हतं.

"आवं भावजी, मिरजेला आमी काळ्याच पडद्यावर काम करत होतो की," त्या म्हणाल्या. "ती चित्रं मला हितंच आल्यावर भेटली. त्या उंदराला हात लावायचं मला लय भ्या वाटायचं. तुमी हौसेनं बोलायचा म्हनून बोलले न्हाई कवा."

सोपं म्हणजे रंगीत, सोपं म्हणजे चित्रांचं, असं धरून मी जगाला शिकवायला निघालो होतो. जिच्यासाठी निवडायचं तिला आधी काय येतं, हे मी विचारलंच नव्हतं. माणूस ज्यावर पहिल्यांदा हात बसवतो ते त्याला सोपं. हे आज मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं वहीत उतरवून घेतात. मला ते आईच्या कुंकवानं शिकवलं.

त्या पांढऱ्या ओळीत यंत्र नाव विचारत होतं. जुन्या यंत्रानं कधी नाव विचारलं नव्हतं. सुरू केलं की सुरू व्हायचं, समोर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. लिनक्सला प्रत्येक माणूस वेगळा लागतो. वापरणाऱ्याचं नाव आधी नोंदवायचं, मग त्या नावाला त्याची स्वतःची जागा मिळते, तिथं दुसरं कुणी हात घालत नाही. हे मी वहिनींना सांगितलं.

"माझी सोताची जागा?" त्यांनी विचारलं.

"व्हय. नाव टाका तुमचं."

आमच्या घरात त्यांचं नाव सुनंदा. लग्नात दादानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं होतं, आईनं निवडलेलं. वहिनींची बोटं कळांवर थांबली. मग हळू, एकेक करून सहा इंग्रजी अक्षरं उमटली. मी वाचलं: शैला.

हे त्यांचं माहेरचं नाव. पत्रिकेत मी ते वाचलं असणार, पण चार वर्षांत घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. मीही विसरून गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुकलं का, असं विचारणारी ती नजर होती. मी म्हणालो, "बरोबर हाय. आता पासवर्ड. तो कुणाला सांगायचा न्हाई, मलाबी न्हाई." आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसलो. बाहेर आबा काहिलीत काडी टोचून हळद शिजली का बघत होते. काडी आरपार गेली.

पाडव्याच्या दिवशी गुढी उभी राहिली, कडुलिंब खाऊन झाला. आणि सकाळीच आधीच्या काहिलींची, वाळून पॉलिश झालेली हळद घेऊन बैलगाडी दारात आली. त्या दिवशी पोरी येणार होत्या दहाला, हळद आली नऊला. वहिनी दारात उभ्या राहिल्या. आबांनी पहिली गोणी पाठीवर घेतली आणि खोलीकडे निघाले.   मी बोलायला हवं होतं, पण आबांपुढे आमची जीभ उचलत नसे.

आबा उंबऱ्याशी आले आणि थांबले. उंबऱ्याबाहेर चपला होत्या. सहा जोड. पोरी तासभर आधीच येऊन आत बसल्या होत्या. आम्हालाही पत्ता नव्हता. ओळीनं, पाय पोटाशी घेऊन, मांडीवर वह्या घेऊन. मागच्या दारानं आईनंच त्यांना आत घेतलं होतं आणि चपला आणून उंबऱ्याशी मांडल्या होत्या.

पाठीवर गोणी तशीच ठेवून आबांनी आत पाहिलं. काळ्या पडद्यावर नावाची ओळ लुकलुकत होती. वहिनी त्यांच्या बाजूनं आत गेल्या, खुर्चीवर बसल्या, नाव टाकलं आणि काहीतरी टाइप केलं. न बघता, दहाही बोटांनी. सहा पोरींची तोंडं उघडीच राहिली. आबांचंही.

"काय लिवलं गं?" त्यांनी विचारलं.

"धडा पहिला, आबा."

आबा वळले. गोणी नेऊन त्यांनी बाहेरच्या सोप्यात, पडवीत, आपल्या खाटेशेजारी टाकली. मग दुसरी. मग तिसरी. सगळी हळद सोप्यात लागली आणि खाट अंगणात गेली. पुढे हळद विकली जाईपर्यंत आबा अंगणात झोपले. कुणी विचारलं तर सांगायचे, "आत उकडतंय."

मग पोस्टकार्डं सुरू झाली. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. क्लासमध्ये काही अडलं की वहिनी सांगलीला कार्ड टाकायच्या आणि मी हॉस्टेलवर चार दारं ठोठावून उत्तर काढून उलट टपाली पाठवायचो. एक कार्ड अजून पाठ आहे. 'भावजी, टायपिंगच्या त्या कार्यक्रमात आत गेले पण बाहेर येता येईना. सगळ्या कळा दाबून बघितल्या. पोरी म्हणाल्या, मॅडम आता आपण इथंच राहायचं का? शेवटी लाइट गेली तेव्हा सुटका झाली. पुढच्या वेळी लाइट जायच्या आधी बाहेर कसं यायचं ते कळवावे.' हे कार्ड मी आणि विलासनं अख्ख्या हॉस्टेलला वाचून दाखवलं, कारण त्या कार्यक्रमात आम्हीही सगळे एकेकदा अडकलो होतो. उत्तर लिहायला पाच जण बसले.

ती कार्डं माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत. हळदीचा डाग उन्हात उडून जातो, पेटीत टिकतो. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा आहे.

तर यंदा फोनवर मी मध्येच थांबलो. वहिनी पलीकडून म्हणाल्या, "काय झालं, भावजी? गेलासा काय?"

"आहे," मी म्हणालो. "वहिनी, माझ्याकडे जे आहे तेच घेऊन येतो. अडलं तर विचारता येईल."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या.

शनिवारी गेलो. आता आबा नाहीत, आईही नाही. दादा फौजेतून येऊन हळद बघतो. मी पोचलो तेव्हा काहिलीपाशी उभा होता, हातात काडी. तो वास नाकात शिरला आणि वर्ष पुरं झालं. पुढच्या खोलीत आता आठ यंत्रं आहेत. हळदीसाठी वेगळी शेड झाली त्याला कित्येक वर्षं लोटली.

लॅपटॉप उघडून मी खुर्चीवर बसलो. पेनड्राइव्ह लावला. वहिनी मोडणीवरून उठून आल्या, हात धुतले, पदराला पुसले. केस पांढरे झालेत, चष्मा आलाय. माझ्यामागे उभं राहून थोडा वेळ त्यांनी पाहिलं. मग माझ्या खांद्याला बोट लावलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी जरा बाजूला बसा."

मी मान वर करून पाहिलं. त्या हसत नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या. पंचवीस वर्षं हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं की ते सहज आलं, मला आजही सांगता येणार नाही. विचारायचा धीर झाला नाही. मनात मात्र काहीतरी हललं आणि हलकं झालं. मी खुर्ची सोडून स्टुलावर सरकलो.

वहिनी बसल्या. एकेक प्रश्न येत गेला. त्या मला न विचारता उत्तरं देत गेल्या. एकदाच मी म्हणालो, "म्हणजे काय, वहिनी?" आणि त्यांनी मला नीट, पहिल्यापासून समजावून सांगितलं.

मग पडद्यानं नाव विचारलं. पिवळ्या बोटांनी सहा कळा दाबल्या. मी तोंड खिडकीकडे फिरवलं, कारण पुढचा प्रश्न पासवर्डाचा होता.